साखर सोडणारी माणसं

२७ मार्च १७९२ रोजी लंडनमध्ये एक व्यंगचित्र विकायला आलं. काढणारा जेम्स गिलरे, त्या काळातला सगळ्यात तिखट हात. चित्रात इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज, राणी शार्लट आणि त्यांच्या मुली चहाला बसल्या आहेत. राजा कप तोंडाला लावून काय अमृत प्यायला मिळालंय असा चेहरा करतो आहे. राणी मुलींची समजूत घालते आहे: घेऊन तर बघा, साखरेवाचून चहा किती छान लागतो, बिचाऱ्या काळ्या माणसांचे कष्ट वाचतील, आणि तुमच्या बाबांचे पैसेही. मुलींची तोंडं मात्र किराईताचा काढा पाजल्यासारखी झाली आहेत.

गिलरेचा रोख राजाच्या चिक्कूपणावर होता. पण विनोद लागू पडला तो दुसऱ्याच कारणाने. त्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या हजारो घरांतून साखरेचं भांडं टेबलावरून खरोखरच उठलं होतं. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं म्हणून नव्हे, की वजन वाढतं म्हणूनही नव्हे. ही साखर गुलामांकडून मारूनमुटकून काढून घेतलेली आहे, ती आमच्या घशाखाली उतरत नाही, असं लोकांचं म्हणणं होतं.

तोवर इंग्रज माणसाला साखरेची चटक पुरती लागलेली होती. १७०० च्या सुमारास तिथला माणूस वर्षाला सरासरी चार पौंड, म्हणजे पावणेदोन किलो साखर खाई. शतक संपेपर्यंत हा आकडा अठरा पौंडांवर, आठ किलोंवर गेला. चहा आला, तो स्वस्त होत गेला, आणि त्याचा कडवटपणा मारायला साखर आली. श्रीमंतांच्या घरी कुलपात राहणारी वस्तू शंभर वर्षांत मजुराच्या न्याहारीपर्यंत पोचली.

ती यायची जमैका, बार्बाडोस अशा वेस्ट इंडीजमधल्या बेटांवरून. तिथे हंगामात चरक रात्रंदिवस चालत. तीन उभ्या लाटांच्या मधे हाताने ऊस सारायचा, आणि सारणारा माणूस पहाटेपासून राबत असायचा. डुलकी लागली, बोट लाटेत सापडलं, की पाठोपाठ अख्खा हात आत जाई. चरक झटकन थांबवायची सोय नव्हती. म्हणून शेजारी एक कुऱ्हाड ठेवलेली असे. हात तोडायचा आणि माणूस वाचवायचा, कारण माणूस विकत घेतलेला असे. पलीकडे रस उकळायची भट्टी. तिथे कढयांच्या रांगेपुढे उभं राहून पळीने उकळता रस एका कढईतून दुसरीत घालायचा. रस अंगावर उडाला तर तो काकवीसारखा चिकटून बसे.

हे सगळं लंडनमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. टॉमस क्लार्कसन हा मनुष्य बंदराबंदरांतून हिंडून खलाशांच्या जबान्या गोळा करत होता, आणि विल्यम विल्बरफोर्स संसदेत बोलत होता. एप्रिल १७९१ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव मतदानाला आला आणि १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला. गावोगावांहून आलेले अर्ज फुकट गेले.

त्याच वर्षी लंडनचा एक पुस्तकविक्या, विल्यम फॉक्स, याने एक पत्रक छापलं. संसदेला जे करायचं नाही ते तुम्ही घरबसल्या करू शकता, हा त्याचा मुद्दा. नीतीचा उपदेश करणारे पुष्कळ होते. फॉक्सने उपदेशाला त्रैराशिकाची जोड दिली. ज्या घरात आठवड्याला पाच पौंड साखर लागते आणि त्या मानाने रम लागते, त्या घराने एकवीस महिने दोन्ही सोडली तर एक माणूस गुलामीतून किंवा मरणातून वाचतो. अशा आठ कुटुंबांनी साडेएकोणीस वर्षं नेम पाळला तर शंभर माणसं वाचतात. उलट बाजूने त्याने असाही हिशेब मांडला की साखरेचा एक पौंड खाणारा दोन औंस मनुष्यमांस खातो.

या आकडेमोडीला शास्त्रीय आधार किती होता हा प्रश्नच आहे. तरी ती लागू पडली. दूर समुद्रापलीकडचं पाप कुणाचं, हा प्रश्न फॉक्सने चमच्यावर आणून ठेवला. पत्रकाच्या सत्तर हजारांच्या आसपास प्रती चार महिन्यांत खपल्या आणि आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पाठोपाठ दुसरी पत्रकं आली. अँड्र्यू बर्न नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने तर नीती बाजूला ठेवून लोकांच्या किळसेलाच हात घातला. साखरेत गुलामांचा घाम मिसळलेला असतो, जखमांमधला पूही असतो, आणि रमच्या एका पिंपाच्या तळाशी भाजलेल्या माणसाचं प्रेत सापडलं, असं त्याने लिहिलं. आजच्या मोबाइलवर फिरणाऱ्या ‘हे खाण्याआधी एकदा वाचाच’ छापाच्या मजकुराचा हा पणजोबा म्हणायला हरकत नाही.

मताचा अधिकार बायकांना नव्हता, आणि बहुतेक पुरुषांनाही नव्हता. पण चहाचं टेबल बायकांच्या ताब्यात होतं. वाणसामानाची यादी त्या करायच्या, चहा त्या ओतायच्या, पाहुण्याला साखर विचारायची की नाही हे त्या ठरवायच्या. त्यामुळे या चळवळीचा खरा भार त्यांनीच उचलला. दुकानदारांमध्येही काहींना पाझर फुटला. सफोक परगण्यातल्या हॅव्हरहिल गावच्या जेम्स राइट या क्वेकर व्यापाऱ्याने मार्च १७९२ मध्ये वर्तमानपत्रात जाहिरात दिली की, गुलामीचा डाग नसलेल्या वाटेने साखर मिळेपर्यंत माझ्या दुकानात ती विकली जाणार नाही. जाहिरात माल विकण्यासाठी असते. न विकण्याची जाहिरात देणारा वाणी विरळाच.

क्लार्कसन गावोगाव फिरून आला तेव्हा त्याचा अंदाज होता की तीन लाख माणसांनी साखर सोडली आहे. त्यात गरीब, श्रीमंत, सगळ्या पंथांचे लोक होते. घरातली पोरंसुद्धा हट्टाने साखर नको म्हणत. विल्बरफोर्सला मात्र हा प्रकार फारसा रुचला नाही. बहिष्कार म्हटला की त्याला दंग्याधोप्याचा वास येई, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झटणाऱ्या लंडनच्या समितीने चळवळीला अधिकृत पाठिंबा कधी दिलाच नाही. पुढाऱ्यांना संसद दिसत होती, बायकांना स्वयंपाकघर.

आणखीही एक गोष्ट होती. ऑगस्ट १७९१ मध्ये सँ-डोमिंग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांनी उठाव केला. जगातला सगळ्यात मोठा साखरेचा मुलूख पेटला आणि युरोपभर भाव कडाडले. जानेवारी १७९२ मध्ये पॅरिसमध्ये साखरेवरून दंगे झाले. तेव्हा इंग्लंडमध्ये किती जणांनी साखर तत्त्वापायी सोडली आणि किती जणांनी खिशापायी, हे वेगळं काढणं अवघड आहे. गिलरेच्या राणीने दोन्ही कारणं एका दमात सांगितली ती उगीच नव्हेत. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपलं, चळवळ म्हटली की सरकारला क्रांती दिसू लागली, आणि साखरेची भांडी हळूहळू टेबलांवर परतली. गुलामांचा व्यापार कायद्याने बंद व्हायला १८०७ उजाडलं, आणि तेव्हाही आधीपासूनचे गुलाम मळ्यांवर तसेच राहिले.

दुसरी फेरी १८२४ मध्ये लेस्टर शहरात सुरू झाली. एलिझाबेथ हेरिक या क्वेकर बाईने निनावी पत्रक काढून पुढाऱ्यांनाच झापलं: हळूहळू, टप्प्याटप्प्याने मुक्ती ही भाषा सोडा, गुलामगिरी आत्ता बंद करा. आणि ती नुसती लिहून थांबली नाही. मैत्रीण सुझाना वॉट्स हिला बरोबर घेऊन ती दारोदार गेली, वाण्यांकडे गेली. शहरातल्या चौथाई लोकांनी वेस्ट इंडीजची साखर बंद केली असं सांगतात. वर्षभरात बर्मिंगहॅमच्या बायकांनी आपली संघटना काढली, आणि मग ठिकठिकाणी.

या वेळी एक फरक होता. साखर सोडा असं सांगण्याऐवजी साखर बदला असं सांगितलं जात होतं. वेस्ट इंडीजची नको, ईस्ट इंडीजची घ्या. म्हणजे हिंदुस्थानची. लंडनजवळच्या पेकहॅममधल्या हेंडरसन यांच्या चिनी मातीच्या दुकानात खास साखरेची भांडी मिळत. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असे की ही साखर गुलामांनी केलेली नाही, आणि सहा कुटुंबांनी ती वापरली तर एक गुलाम कमी लागतो. पाहुण्यासमोर भांडं ठेवलं की बोलायचं कारणच उरत नसे.

भांड्यातली साखर बंगाल आणि बनारसकडची. तिथे शेतकरी रस आटवून राब करत आणि खांडसारीवाले तो टोपल्यांत भरून वर पाण्यातलं ओलं शेवाळ पसरत. शेवाळाचा ओलावा झिरपत खाली उतरताना मळी धुऊन नेई आणि वरचा थर पांढरा पडे. तो खरवडायचा, पुन्हा शेवाळ. हा कामगार विकत घेतलेला नव्हता हे खरं. तो सावकाराच्या वहीत अडकलेला असे, ईस्ट इंडिया कंपनीच्या आगाऊ रकमेत अडकलेला असे, हे भांड्यावर लिहायला जागा नव्हती. वेस्ट इंडीजचे मळेवाले नेमकं इथे बोट ठेवत की हिंदुस्थानात काय गुलाम नाहीत? स्वार्थापोटी का होईना, प्रश्न बिनतोड होता. हिंदुस्थानात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेणारा कायदा १८४३ मध्ये झाला.

ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने संपली. त्यात साखर सोडणाऱ्यांचा वाटा किती, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. जमैकातल्या गुलामांनी १८३१ च्या नाताळात केलेला उठाव त्याहून जड ठरला असणार. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, दोन कोटी पौंड. गुलामांना काही नाही. इथून पुढे गोष्ट मराठी मुलखाकडे वळते, आणि ती काही सुखाची नाही.

मॉरिशस बेट १८१० पासून इंग्रजांकडे होतं. १८२५ मध्ये तिथल्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या बरोबरीची झाली आणि बेटभर ऊस पसरला. गुलामगिरी गेल्यावर तोडायला माणसं कुठून आणायची? २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरवले. ही सुरुवात. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत जवळपास पाच लाख हिंदी मजूर या बंदरातून आत गेले. कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई हेही भरतीचं बंदर होतं, आणि रत्नागिरी, सातारा या बाजूची मराठी माणसं तिथूनच गेली. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये आज सार्वजनिक सुट्टी असते ती त्यांच्या नातवंडा-पतवंडांमुळे.

मळ्यावर एक नियम होता, ‘डबल कट’. एक दिवस कामाला खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचा. आजारी पडलेला माणूस महिनाअखेरी मालकाचाच देणेकरी निघे. मळा सोडून बाहेर दिसला तर भटक्या म्हणून तुरुंग. इंग्लंडमधल्या गुलामगिरीविरोधी मंडळींनी लगेच ओरड केली, १८३९ मध्ये भरती थांबलीही, पण १८४२ मध्ये पुन्हा सुरू झाली. मजुरांची गाऱ्हाणी अर्जातून पुढे येऊन शाही आयोग नेमला जायला १८७२ उजाडलं. लेस्टरमधल्या चहाच्या टेबलावरून उठलेला भार अशा रीतीने कोकणातल्या गड्याच्या खांद्यावर आला. साखर सोडणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता यात शंका नाही; बाजाराने मात्र तो हेतू वळसा घालून ओलांडला.

मग तीच साखर मुंबईच्या गोदीत उतरू लागली. इंग्लंडच्या बाजारात जर्मनी-ऑस्ट्रियाच्या बीट साखरेने मॉरिशसला मागे रेटलं, तसं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थान हेच तिचं मोठं गिऱ्हाईक झालं. बीटची साखर सरकारी अनुदानाच्या जोरावर स्वस्तात इथेही येई, म्हणून १८९९ मध्ये कर्झनच्या सरकारने तिच्यावर जादा जकात बसवली. वाण्याच्या दुकानात मॉरिशसच्या साखरेचं नाव ‘मोरस’. पांढरी, दाणेदार, खड्याविना. सणावाराला, पाहुण्याला मोरस साखर, एरवी गूळ. उन्हातून आलेल्याच्या हातावर गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी द्यायचं ही रीत तेव्हा पाहुणचाराला पुरेशी होती.

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरही बहिष्काराच्या यादीत गेली. बंगालमध्ये धोबी विलायती कापड धुवायला नकार देत आणि पुरोहित परदेशी साखर असलेला नैवेद्य परत करत. पुण्यात ऑक्टोबरमध्ये विलायती कापडाची होळी झाली. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, राष्ट्रीय शिक्षण यांच्याबरोबर स्वदेशी आणि बहिष्कार होतेच. पण साखरेच्या बाबतीत देशाभिमानाच्या जोडीला दुसरी एक धार होती. परदेशी साखर हाडांनी आणि रक्ताने साफ करतात, अशी बोलवा घरोघर पोचली होती.

बोलवा निराधार नव्हती. लंडनच्या साखर कारखान्यांत पाक स्वच्छ करायला बैलाचं रक्त वापरायची जुनी पद्धत होती. तापल्यावर रक्तातली प्रथिनं गोठून मळ वर आणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंग काढण्यासाठी जनावरांच्या हाडांचा कोळसा आला आणि तो युरोपभर रूढ झाला. म्हणजे इंग्लंडमध्ये अलंकारिक अर्थाने म्हटलेलं ‘साखरेत रक्त आहे’ हे वाक्य हिंदुस्थानात शब्दशः खरं निघालं. फॉक्सच्या वाचकाला गुलामाची दया आली, इथल्या सोवळ्या घरांना विटाळ वाटला. अनेक सनातनी घरांत देवाच्या नैवेद्याला मोरस बंदच होती; स्वदेशीने त्या जुन्या तिटकाऱ्याला राजकारण दिलं. मॉरिशसच्या फडात आपलेच लोक राबताहेत हा मुद्दा मात्र या बहिष्कारात कुठे पुढे आला नाही. करारबद्ध मजुरीवर गोखले बोलले, ते वेगळ्या व्यासपीठावर.

साखर सोडली की हाताशी गूळ होताच, आणि तो जवळचाच होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी. गुऱ्हाळातलं तंत्र साखर कारखान्याच्या अगदी उलट. काहिलीत रस तापला की ठेचलेल्या रानभेंडीच्या ताटांचा चीक सोडायचा, त्याला मळी धरते. ती झाऱ्याने काढत राहायचं. चुलवाणात चिपाडाचा जाळ किती ठेवायचा आणि काहील कधी उतरायची हे गुळव्या ठरवतो. तो पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांत गोळी वळवून बघतो. एक मिनिट इकडे झालं तर ढेप पाझरते, तिकडे झालं तर करपते. हाड नाही, रक्त नाही. आता पिवळाधमक गूळ मागणाऱ्या गिऱ्हाइकासाठी बऱ्याच गुऱ्हाळांत रंग उजळणारी ‘हायड्रॉस’ची भुकटी पडते हा भाग निराळा, पांढऱ्या साखरेला कंटाळून गुळाकडे आलेल्यांनाही तो उजळच हवा असतो.

गुळाचा सगळ्यात पद्धतशीर पुरस्कार झाला तो वर्ध्यात. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. मगनवाडीची जागा जमनालाल बजाजांची, कारभार अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पांकडे. हातसडीचा तांदूळ, घाण्याचं तेल, आणि गिरणीच्या साखरेऐवजी गूळ. कुमारप्पा त्याही पुढे गेले. ऊस चांगली जमीन आणि पाणी खातो, ती धान्याला द्या, आणि गूळ ताडाचा, शिंदीचा करा, असं ते म्हणत. ताडी बंद झाल्यावर झाड चढणाऱ्याच्या हाताला त्यात काम होतं. युक्तिवाद पक्का होता, पण वेळ चुकलेली होती. दोनच वर्षं आधी, १९३२ मध्ये, साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला होता. १९३१-३२ मध्ये देशात तिसाच्या आसपास कारखाने होते, ते चार वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेले. मुख्यतः जावा बेटावरून वर्षाला दहा लाख टनांच्या घरात येणारी साखर जवळपास थांबली. बेलापूर कंपनीचा कारखाना आधीच होता. माळीनगर, वालचंद हिराचंदांचं रावळगाव अशी एकामागून एक धुराडी महाराष्ट्रात उभी राहिली. स्वदेशी साखर आली, तीही पांढरी आणि खड्याविना. तिच्यावर बहिष्कार घालायला कुणापाशीच कारण उरलं नाही. हाडांच्या कोळशाऐवजी गंधकाचा धूर वापरला जाऊ लागल्यावर सोवळ्याचाही अडसर गेला. मगनवाडीचा गूळ पथ्यवाल्यांचा आणि तत्त्ववाल्यांचा राहिला. दुसऱ्या महायुद्धात साखर रेशनवर गेली तेव्हा शहरांनी पुन्हा गुळाचा चहा केला, पण नाइलाजाने.

लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने उभारलेल्या सहकारी कारखान्याचं गाळप १९५० च्या अखेरीस सुरू झालं. मग साखर महाराष्ट्राचं राजकारण झाली. ऊस तोडायला बीड आणि आसपासच्या कोरडवाहू भागांतून माणसं येऊ लागली. हंगामाआधी मुकादम उचल देतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि एखादा दिवस बुडाला तर खाड्याचे पैसे वसूल होतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या शासकीय समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यात १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कामाचा खाडा परवडत नाही हे त्यामागच्या कारणांतलं एक.

आज पुण्या-मुंबईत बिनसाखरेचा चहा मागणारे लाखांनी आहेत. त्यांचं कारण रक्तातलीच साखर, पण स्वतःच्या. डॉक्टरांचा कागद खिशात असतो आणि ते वावगंही नाही. ऊसतोड कामगारांसाठी राज्य सरकारने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ काढलं आहे. त्याच्या खर्चासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसामागे रक्कम भरायची, असं ठरलं. ती आहे टनाला दहा रुपये.